मोहिते मॅडमच्या प्लॅस्टिकच्या रायफली

मोहिते मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नळाखाली बंदूक घासत होत्या.

रत्नागिरीला माझी नुकतीच बदली झाली होती आणि गावाबाहेर नाचणे भागात आम्ही भाड्याचं घर घेतलं होतं. टेम्पोतून सामान उतरत होतं. शेजारच्या अंगणात एक उंच, सडसडीत बाई पदर कमरेला खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, नारळाच्या शेंडीने आणि भांड्यांच्या साबणाने एका बंदुकीच्या अंगाला फेस काढत होत्या. नळी वेगळी काढून वर्तमानपत्रावर निजवलेली होती. माझ्या बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. मान वर न करता त्या बाईंना ते दिसलं.

“घाबरू नका वहिनी. प्लॅस्टिकची आहे.”

“अगं बाई, खेळण्यातली होय!” बायको सुटकेने म्हणाली.

नळ बंद झाला. बाई ताठ उभ्या राहिल्या. “खेळण्यातली नव्हे. पॉइंट टू-टू रायफल आहे. खरी. परवान्याची. फक्त दस्ता नायलॉनचा आहे.”

मग दस्ता म्हणजे काय, तो खांद्याला कुठे टेकतो, लाकडाऐवजी नायलॉनचा दस्ता करायची अक्कल जगाला किती उशिरा सुचली, असं सगळं आम्हाला ऐकावं लागलं. या रायफलीच्या काडतुसाला ठोका मध्यभागी न बसता कडेवर बसतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात, हेही त्यांनी साबणाच्या वडीवर बोट आपटून दाखवलं. तोवर टेम्पोवाला आमचं कपाट पाठीवर घेऊन दारात वाकून उभा होता. मॅडमचं लक्ष कपाटाकडे गेलं.

“सागवानी?”

“हो, सासऱ्यांनी दिलंय.”

“फुगेल,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा नळ सोडला.

ते फुगलं. श्रावणात त्याचं दार जे बसलं ते दिवाळीनंतरच उघडलं. माझ्या सगळ्या बऱ्या पँटी आत होत्या.

आता मॅडम नाहीत. त्यांच्याबद्दल कोणाला सांगायला बसलं की ऐकणारा आधी विचारतो, “बंदुका होत्या म्हणजे मोठ्या घरच्या असतील?” तसं काही नव्हतं. मॅडम मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, शाळेच्या छात्रसेनेच्या प्रमुख होत्या आणि निवृत्त होऊनही त्यातून बाहेर पडल्या नव्हत्या. मोहिते साहेब फार पूर्वी वारले होते. मुलगी पुण्याला होती. गळ्यात कायम शिट्टी असे. फाटकातून जाणाऱ्यांपैकी कोणाला त्या “जयभीम” म्हणत, कोणाला “नमस्कार” म्हणत आणि ज्याच्याशी पटत नसे त्याला “सावधान!” म्हणत. तो माणूस खरोखर क्षणभर थबकायचा. अर्ध्या रत्नागिरीच्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बाजारात एखादी चांगली पन्नाशीची बाई मासळी निवडता निवडता अचानक पोट आत घेऊन ताठ झाली, की समजावं, मॅडम आल्या.

त्यांचं वाक्य एकच होतं, “दाबायचं, हिसकायचं नाही.” मूळ ते रायफलीच्या घोड्यासाठी. पण दारावरची बेल, एटीएमची बटणं, कुकरचं झाकण, लिंबू, सगळ्याला ते लागू होतं. एकदा मी डोकं दुखतं म्हणून कपाळ चोळत व्हरांड्यात बसलो होतो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, “सावंत! दाबा. हिसकू नका.”

लाकडाशी त्यांचं वैर जुनं होतं. तरुणपणी जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या पहिल्या येणार अशी सगळ्यांची खात्री होती. ऐन वेळी शाळेची लाकडी रायफल दमट हवेने फुगली, दस्ता नळीला घासू लागला आणि गोळ्या सरकत सरकत शेजारणीच्या निशाणावर गेल्या. शेजारीण पहिली आली. “माझा कप लाकडाने खाल्ला,” मॅडम म्हणायच्या. तेव्हापासून घरात लाकूड बंद. खुर्च्या, टेबलं, दारं, कपडे वाळत घालायची काठी, देव्हाऱ्याच्या जागी असलेला बुद्धमूर्तीचा कट्टा, सगळं प्लॅस्टिक नाहीतर संगमरवर. चहात साखर ढवळायला चमचासुद्धा प्लॅस्टिकचा. “लाकूड झाडावर असेपर्यंत ठीक,” एवढी सूट त्या देत.

रायफली तीन होत्या. कोकणात जुन्या बागायतदारांकडे, डॉक्टरांकडे अशी हत्यारं असतात. कोणाचा भाऊ बोटीवर होता, त्याने कधी काळी आणलेली. त्यातली प्लॅस्टिकच्या दस्त्याची असली की घरच्यांना तिची लाज वाटे. भिंतीवर लावायची सोय नाही, दसऱ्याला पूजेत मांडली तर पाहुणे हसतात. अशा नकोशा झालेल्या रायफली मॅडमनी रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतल्या. तपकिरी राजापूरच्या एका डॉक्टरांकडची. ती सगळ्यांत म्हातारी, नळी झिजलेली. काळी खेडहून आलेली. तिला एक खोड होती. गोळी उडाली की तिचं मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी, सुटून मॅडमच्या पायावर पडे. कॅनव्हासच्या बुटांचं कारण मला तेव्हा कळलं. आणि हिरवट रंगाची देवरूखची. ती मात्र सरळ, शहाणी, जिथे सांगाल तिथे गोळी नेऊन ठेवणारी.

समोरच्या बंगल्यातले शेट्ये एका दसऱ्याला झेंडूची माळ घेऊन आले. मोठे बागायतदार, मनाने हौशी. “म्याडम, शस्त्रपूजा करूया. निदान हळदकुंकू तरी लावूया.”

“आज आमचा दिवस वेगळा आहे शेट्ये. मी विहारात निघालेय. आणि कुंकवाचा डाग नायलॉनवरून जात नाही.” मग त्यांचा चेहरा पडलेला पाहून म्हणाल्या, “माळ आणलीच आहे तर मला घाला.” शेट्यांनी घातली. मॅडम पांढऱ्या साडीवर झेंडूची माळ आणि शिट्टी अशा विहारात गेल्या.

निशाण मारायला गावाबाहेरची एक बंद पडलेली चिरेखाण होती. चिरे काढून काढून तीन बाजूंनी तांबड्या भिंती उभ्या राहिलेल्या, त्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नाही. तिथे हौशी मंडळींनी सगळ्या परवानग्या काढून रेंज केली होती. बाकीचे लोक कागदाची निशाणं लावत. मॅडम फणसाच्या आठळ्या दोऱ्यांना बांधून टांगत. आठळी लागली की तिचा पांढरा भुगा उडे आणि मॅडमचा चेहरा लहान मुलीसारखा होई. ज्या आठळ्या वाचत त्या घरी आणून त्या भाजी करत. त्यामुळे मॅडमचा नेम कसा लागला हे सगळ्या आळीला वासावरून कळायचं. वाटीभर भाजी आमच्याकडे आली की बायको हळूच म्हणे, “आज काही खरं नव्हतं वाटतं.” काळ्या रायफलीच्या दिवशी तर शेट्यांकडेही डबा जायचा.

याच शेट्यांच्या बागेत एका वर्षी वांदरांनी धुमाकूळ घातला. आंबा नुकता धरायला लागला होता. शेट्ये हात जोडून मॅडमकडे आले. “म्याडम, तुमच्याकडे तीन तीन बंदुका. एक दिवस येवा आणि जरा इंगा दाखवा.”

“मी जिवावर गोळी झाडत नाही. मुंगीवरसुद्धा नाही.”

“मारू नका ओ. नुसता आवाज काढा. पळतील.”

मॅडम तयार झाल्या. मलाही नेलं. बागेच्या टोकाला चिऱ्यांचा जाड गडगा होता, त्याला टेकवून तेलाचा रिकामा डबा ठेवला. वांदरं कलमांवर बसून हे सगळं पाहत होती. मॅडमनी तपकिरी रायफल खांद्याला लावली, श्वास सोडला आणि घोडा दाबला.

पॉइंट टू-टूचा आवाज तो काय! ओल्या लाकडावर नारळ आपटावा तसं ‘टप्’ झालं. वांदरं पळाली नाहीत. उलट मागच्या कलमांवरची होती तीही पुढे आली. दुसऱ्या गोळीला एक भलामोठा हुप्प्या गडग्यावर उतरू लागला, म्हणून मॅडमनी ताबडतोब रायफल खाली केली आणि मोकळी करून माझ्या हातात दिली. झाडावर एका मादीने पिल्लाला नीट दिसावं म्हणून मांडीवर वळवून बसवलं. शेट्ये कपाळाला हात लावून उभे.

“हे काय चाललंय?” मॅडम कडाडल्या. “हा काय तमाशा आहे?” आणि संतापाच्या भरात त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घालून जी फुंकली, ती मला आजही ऐकू येते. शाळेच्या मैदानावर चारशे मुली एका क्षणात गप्प करणारी शिट्टी होती ती. वांदरं एकदम उठली. हुप्प्या गडग्यावरून घसरला, सावरला आणि सगळा कळप शेजारच्या काजूंमधून, त्याच्या पलीकडच्या वाडीतून, पार खाडीच्या दिशेने नाहीसा झाला.



“म्याडम,” शेट्ये हळूच म्हणाले, “उद्या बंदूक ऱ्हाऊ दे घरात. शिट्टी तेवढी घेऊन येवा.”

परतताना मॅडम रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सावंत, हे कोणाला सांगू नका.” मी सांगितलं नाही. शेट्यांनी सगळ्या गावाला सांगितलं. त्या मोसमात मॅडमना चार बागांतून बोलावणी आली, सगळी शिट्टीसाठी. त्या जायच्या. पण प्रत्येक वेळी अभ्र्यात घातलेली रायफल बरोबर न्यायच्या आणि झाडाला टेकवून ठेवायच्या. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मला वाटतं.

निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लागतात. मॅडमना ते दिवस मुलीला वसतिगृहात सोडण्याचे वाटत. तिघींना तेल लावायचं, अभ्रे धुऊन इस्त्री करायचे, मग रिक्षा. एका निवडणुकीला मी सोबत होतो. ठाण्यातले हवालदार कोल्हापूरकडचे, नवीन आलेले. त्यांनी तपकिरी रायफल हातात घेऊन उलटीसुलटी केली, दस्त्यावर टिचकी मारली.

“म्याडम, खेळन्यातली जमा करायची गरज न्हाई. घेऊन जावा घरी.”

“ती खरी आहे.”

“आवो प्लॅश्टिक हाय की ही!”

“नायलॉन.”

“नायलान म्हंजे दोरी न्हवं?”

मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. तो त्यांनी सोडला तेव्हा मला शेट्यांच्या हुप्प्याची आठवण झाली. पण त्यांनी शिट्टीला हात लावला नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हवालदारांचा तास घेतला. घेतला म्हणजे घेतलाच. शेवटी हवालदार साहेब उभं राहून, झाडूचा दांडा खांद्याला लावून, श्वास सोडून, काल्पनिक घोडा दाबत होते आणि मॅडम म्हणत होत्या, “हिसकलंत! पुन्हा.” मागे तक्रार द्यायला आलेले दोघे बाकावर बसून आपली तक्रार विसरले होते.

बंदुका परत मिळाल्या तेव्हा पावसाळा लागला होता. बड्या मंडळींच्या शिसवी दस्त्यांवर पांढरी बुरशी धरली होती आणि ते रुमालाने पुसत, हळहळत उभे होते. मॅडमच्या तिघी जशाच्या तशा. त्या दिवशी त्यांनी ठाण्यात पेढे वाटले. हवालदारांनी पेढा घेताना विचारलं, “म्याडम, निवडून कोन आलं तुमचं?”

“नायलॉन,” मॅडम म्हणाल्या.

मग कायदा बदलला. एका परवान्यावर तीन हत्यारं चालत होती, ती दोनच चालतील असं ठरलं. तिसरं विकायचं किंवा जमा करायचं. राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्या नेमबाजांना सवलत होती. मॅडम कचेरीत जाऊन विचारून आल्या. “मी जिल्हा पातळीची, सावंत. तीही दुसरी,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या आठवड्यात आळीत शिट्टी वाजली नाही. भाजीही आली नाही. माझी बायको दोनदा जाऊन आली. “तिघींना बाहेर काढून समोर बसल्यात नुसत्या,” ती सांगायची. मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. ज्या घरात दुसरं बोलायला कोणी नाही तिथे तिघींच्या दोघी होणं म्हणजे काय, हे मला त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांकडे बघून थोडं कळलं.

रविवारी मॅडमनी मला बोलावलं. “परीक्षा घ्यायची. जिचा नेम सगळ्यांत वाईट ती जाणार. भावनेचा प्रश्नच नाही. तुम्ही साक्षीदार.”

चिरेखाणीत आम्ही कागदाची निशाणं लावली. पहिली तपकिरी. तिच्या गोळ्या माझ्या अंदाजाने खाणीच्या तिन्ही भिंतींना समान वाटल्या गेल्या. कागद कोरा.

“वारा होता,” मॅडम म्हणाल्या.

खाणीत पान हलत नव्हतं. मी साक्षीदार असल्यामुळे गप्प बसलो.

मग काळी. गोळी, मॅगझीन पायावर. गोळी, मॅगझीन पायावर. “आज तिची तब्येत बरी नाही,” मॅडम वाकून मॅगझीन उचलत म्हणाल्या. मग हिरवट. तिने निशाणाच्या मधोमध असं भोक पाडलं की त्यातून करंगळी जावी, आणि पुढच्या सगळ्या गोळ्या त्याच भोकातून गेल्या. मी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि तिघींकडे बघत राहिल्या.

“हिरवी द्यायची,” त्या म्हणाल्या.

“अहो मॅडम! तीच तर सगळ्यांत चांगली!”

“म्हणूनच. तिला कोणीही नांदवेल. या दोघींना माझ्याशिवाय कोण ठेवून घेणार आहे?”

मग सुरू झालं बघायला येणं. परवाना असलेले इच्छुक येत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत, माझी बायको पोहे नेऊन देई. मॅडम मुलीकडच्या असूनही सगळे प्रश्न त्याच विचारत. राजापूरकडचे एक गृहस्थ जवळजवळ पसंत पडले होते. जाता जाता ते बोलून गेले, “दस्ता तेवढा सागवानी बसवून घेईन म्हणतो.” मॅडमनी त्यांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. बशीत अजून अर्धे पोहे होते.

शेवटी रूपाली तांबे आली. मॅडमची जुनी छात्र, आता देवरूखला स्वतः खेळाची शिक्षिका. दारात येताच तिने पोट आत घेतलं. रायफल तिने दोन्ही हातांनी उचलली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, ही धुवायची कशाने?”

मॅडम आत गेल्या आणि नारळाची शेंडी व साबणाची नवी वडी पिशवीत घालून घेऊन आल्या. कागदपत्रं व्हायला महिने गेले, पण लग्न ठरलं ते त्या क्षणी. निरोपाच्या दिवशी माझी बायको रडली. मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी रूपालीला सांगितलं, “ही कधी चुकत नाही. त्यामुळे चुकलं तर तुझं चुकलं,” आणि पाठीत एक धपाटा घातला.

पुढे माझी खेडला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. रूपाली देवरूखहून हिरवी रायफल घेऊन आली होती, आणखी दोघेतिघे नेमबाज होते. खाणीत सतरंज्या अंथरून सगळे पालथे झोपून मॅडमच्या आठळ्यांवर नेम धरत होते. मॅडम सत्तरी ओलांडलेल्या. अलीकडे त्या उभ्यानेच गोळ्या झाडत. पण रूपालीला शेजारी पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तपकिरी घेतली, गुडघ्यावर बसल्या, मग कोपरावर, आणि झोपल्या रांगेत.

गोळ्या झाल्या. त्यांनी रायफल मोकळी करून बाजूला ठेवली आणि उठायला गेल्या. उठता येईना. एक गुडघा वर आला आणि परत गेला. रूपालीने ते पाहिलं. रायफल खाली ठेवून ती हात द्यायला वळली.

“जागेवर!” मॅडम म्हणाल्या. “रेंज चालू असताना कोणी उठत नाही. नियम आहे.”

“मॅडम, सगळ्यांचं झालंय.”

“मग पुन्हा सुरू करा.”

सगळ्यांनी पुन्हा सुरू केलं. मी मदतीला पुढे झालो तर माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. “तुम्हाला बांधाबांध करायची असेल ना सावंत? निघा. वहिनींना सांगा, नव्या घरात लोखंडी कपाट घ्या.”

मी नमस्कार केला. त्यांनी झोपल्या झोपल्याच हात कपाळाला लावून सलामी दिली.

खाणीच्या काठावर चढून मी मागे पाहिलं. खाली तांबड्या भिंतींच्या मध्ये माणसं रांगेत पालथी झोपली होती. रूपाली काहीतरी सांगत होती आणि मॅडम हनुवटी दोन्ही तळव्यांत धरून ऐकत होत्या. गोळी सुटली, टप्. कोणाची तरी आठळी फुटली आणि भुगा उन्हात उडाला. मॅडम मोठ्याने हसल्या. त्यांनी दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून वर घेतले होते, आणि सुट्टीत पोटावर पडून गप्पा मारणाऱ्या शाळकरी मुलीसारखे ते पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत मागेपुढे हलत होते.